अलेझादिन्यो यांची कबर : ओउरो प्रेतो येथील एका काष्ठशिल्पकाराचे अंतिम विश्रांतिस्थान

ब्राझील देशातील मिनास जेराइस या राज्यात ओउरो प्रेतो नावाचे डोंगरउतारावर वसलेले एक जुने शहर आहे. या शहरातील अंतोनियो दियास विभागात निष्कलंक गर्भसंभवा मातेला समर्पित असे धर्मग्रामाचे मुख्य चर्च असून त्यात सुमरणाच्या मातेची एक वेदी आहे. या वेदीलगत जमिनीच्या पातळीवर एक कबर आहे. दिनांक १८ नोव्हेंबर १८१४ रोजी ख्रिस्तवासी झालेले काष्ठशिल्पकार, मूर्तिकार व वास्तुरचनाकार अंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ यांचे पार्थिव येथे ठेवण्यात आले. जग त्यांना 'अलेझादिन्यो' या टोपणनावाने ओळखते. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ 'छोटा पांगळा' असा होतो. आपल्याकडेही गावात एखाद्याच्या व्यंगावरून पडलेले नाव पुढे मायेचे होऊन बसते, तसाच हा प्रकार समजावा.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन शतके उलटून गेली आहेत. तरीही ओउरो प्रेतोला जाणारा भाविक व कलाप्रेमी या कबरीपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. ही कबर याच चर्चमध्ये का आहे, आणि ज्या चर्चच्या उभारणीने त्यांना खरी कीर्ती मिळवून दिली तेथे का नाही, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो. त्याचे उत्तर त्या काळच्या ख्रिस्ती समाजाच्या रचनेत दडलेले आहे आणि ते फारसे सुखद नाही.

सोन्याचे गाव

सतराव्या शतकाच्या अखेरीस या डोंगराळ प्रदेशात सोने सापडले. सोन्याच्या कणांवर काळसर थर असे, त्यावरून 'ओउरो प्रेतो' म्हणजे 'काळे सोने' हे नाव रूढ झाले. गावाचे त्या वेळचे अधिकृत नाव मात्र व्हिला रिका, म्हणजे श्रीमंत नगरी, असे होते. आजचे नाव त्याला १८२३ साली मिळाले. पोर्तुगालहून हजारो लोक येथे धावले आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून खाणीत काम करून घेऊ लागले. संपत्ती आली आणि तिच्यामागोमाग चर्चेस उभी राहू लागली. १७४५ साली जवळच्याच मारियाना येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि ओउरो प्रेतो आजही मारियाना महाधर्मप्रांतातच मोडते.

वसई व गोव्याच्या वाचकांना हा इतिहास अगदीच परका वाटू नये. एकाच पोर्तुगीज राजसत्तेखाली आणि धर्मप्रसाराच्या एकाच राजाश्रयाखाली आपल्या किनाऱ्यावरील चर्चेस व ब्राझीलमधील चर्चेस बांधली गेली. सोन्याचा वर्ख दिलेल्या कोरीव लाकडी वेद्या जुन्या गोव्यात आपण पाहतो, त्याच परंपरेतील वेद्या ओउरो प्रेतोमध्येही आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि तेथील चर्चेस हळूहळू ओसाड झाली, त्या सुमारास व्हिला रिकात चर्चबांधणीला भर आला होता. अंतोनियो फ्रान्सिस्को तेव्हा लहान मूल होते.

जन्म आणि घराणे

त्यांची जन्मतारीख वादाचा विषय आहे. पहिले चरित्रकार २९ ऑगस्ट १७३० ही तारीख देतात, तर मृत्युनोंदीत त्यांचे वय ७६ वर्षे लिहिलेले असल्याने जन्म १७३८ चा ठरतो. आजचे बहुतेक अभ्यासक दुसऱ्या वर्षाकडे झुकतात. वडील मानुएल फ्रान्सिस्को लिस्बोआ हे पोर्तुगालहून आलेले नावाजलेले सुतारमिस्त्री व बांधकामतज्ज्ञ होते. आई इसाबेल आफ्रिकन वंशाची होती आणि ती मानुएल यांचीच गुलाम होती. गुलाम स्त्रीचे मूल जन्मतः गुलाम, असा त्या काळचा कायदा होता. वडिलांनी बाळाला स्नानसंस्काराच्या वेळीच मुक्त केले, असे परंपरा सांगते.

येथे एक गोष्ट विशेष नोंदण्याजोगी आहे. ज्या चर्चमध्ये अंतोनियो यांची कबर आहे, त्या चर्चचे १७२७ पासूनचे बांधकाम त्यांच्या वडिलांच्याच देखरेखीखाली झाले. म्हणजे वडिलांनी उभारलेल्या वास्तूतच मुलाला अखेरची जागा मिळाली. मानुएल यांनी पुढे रीतसर विवाह केला. त्या विवाहातून झालेला एक मुलगा, फादर फेलिक्स, धर्मगुरू झाला आणि तोही मूर्ती कोरीत असे. पटाशी आणि मोगरी या घराण्यात वारशानेच चालत आली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या चर्चचे सदस्यत्व मिळाले नाही

व्हिला रिकातील धार्मिक जीवन भ्रातृसंघांच्या हाती होते. सोन्याच्या तस्करीच्या भीतीने पोर्तुगीज राजाने या प्रदेशात धार्मिक संघांच्या मठांना बंदी घातली होती. त्यामुळे चर्च बांधणे, सण साजरे करणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे आणि मृतांना सन्मानाने मूठमाती देणे ही सर्व कामे प्रापंचिकांचे भ्रातृसंघ करीत. हे संघ वर्णावरून विभागलेले होते. गोऱ्यांचे वेगळे, मिश्रवंशीयांचे वेगळे आणि आफ्रिकन वंशीयांचे वेगळे. असिसीकर संत फ्रान्सिसचा तिसरा संघ व कार्मेल मातेचा तिसरा संघ हे सर्वांत प्रतिष्ठित मानले जात आणि त्यांत केवळ गोऱ्यांनाच प्रवेश असे.

ओउरो प्रेतोमधील असिसीकर संत फ्रान्सिसचे चर्च हे अलेझादिन्यो यांचे श्रेष्ठ कार्य मानले जाते. १७६६ साली त्याचे काम सुरू झाले. आराखड्याचे श्रेय परंपरेने त्यांना दिले जाते. प्रवचनपीठे, दर्शनी द्वारावरील कोरीवकाम आणि महावेदी ही त्यांच्या हातची आहेत. द्वाराच्या वर एका गोलाकार शिल्पात संत फ्रान्सिसला प्रभूचे पंचक्षत प्राप्त होत असल्याचा प्रसंग त्यांनी शंखजिऱ्याच्या दगडात कोरला आहे. आतील लाकडी छतावरील पवित्र मारियेचे चित्र त्यांचे समकालीन मानुएल दा कोस्ता अताइदे यांनी रंगविले आहे. असे हे चर्च घडविणारा माणूस त्या चर्चच्या संघाचा सदस्य होऊ शकत नव्हता, कारण त्याची आई गुलाम होती. १७७२ साली त्यांनी संत योसेफच्या भ्रातृसंघात नाव नोंदविले. तो मिश्रवंशीयांचा संघ होता आणि संत योसेफ सुतारांचे आश्रयदाते असल्याने अनेक कारागीर त्यात होते.

त्या काळी मृतांना चर्चच्या आतच पुरीत. जमीन लाकडी फळ्यांच्या चौकटींत विभागलेली असे आणि प्रत्येक चौकटीखाली एक कबर. कोणास कोठे जागा मिळणार हे भ्रातृसंघाच्या सदस्यत्वावर ठरे. मेल्यानंतरही माणसाचा वर्ण त्याची पाठ सोडीत नसे. चर्चमध्ये पुरण्याची ही प्रथा आरोग्याच्या कारणास्तव थांबविण्याचा कायदा ब्राझीलमध्ये १८२८ साली झाला. अलेझादिन्यो यांचा मृत्यू त्यापूर्वी चौदा वर्षे झाला होता. त्यांच्या चरित्रकाराच्या म्हणण्यानुसार, मृत्यूच्या थोडे आधी ते सुमरणाच्या मातेच्या सणाचे यजमान झाले होते. म्हणून त्यांना त्या वेदीजवळ जागा मिळाली. आपल्याकडील गावच्या सणाचा प्रमुख ज्या मानाने मिरवतो, तो मान या पांगळ्या म्हाताऱ्याला त्याच्याच लोकांनी दिला होता.

आजार आणि हात

१७७७ च्या सुमारास त्यांच्या शरीरात रोगाने प्रवेश केला. यासंबंधीची जवळजवळ सर्व माहिती रोद्रिगो जोझे फरेरा ब्रेतास यांनी १८५८ साली लिहिलेल्या चरित्रातून मिळते. ब्रेतास यांनी अलेझादिन्यो यांना पाहिले नव्हते. मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी, शिल्पकाराची सून जोआना हिच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती त्यांनी लिहून काढल्या. म्हणून या वर्णनाकडे पाहताना थोडी सावधगिरी बाळगणे इष्ट.

ब्रेतास लिहितात की, पायांची बोटे झडून गेल्यामुळे ते गुडघ्यांवर चालत. हातांची बोटे आखडली व काही गळून पडली. पापण्या सुजल्या आणि चेहरा विद्रूप झाला. लोकांची नजर टाळण्यासाठी ते पहाटे अंधारातच कामावर जात आणि रात्र पडल्यावर परतत. उघड्यावर काम करावयाचे असल्यास भोवती कापडी आडोसा बांधीत. माउरिसिओ नावाचा एक गुलाम त्यांच्या हातांना पटाशी व मोगरी चामड्याच्या पट्ट्यांनी बांधून देई. हा माउरिसिओ स्वतःही कुशल कोरीवकाम करणारा होता आणि मिळकतीतील वाटा त्याला मिळत असे. जानुआरियो नावाच्या दुसऱ्या गुलामाने मात्र अशा भयंकर दिसणाऱ्या धन्याची चाकरी नको म्हणून सुरुवातीस वस्तऱ्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता, असेही ब्रेतास यांनी नोंदविले आहे. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाने स्वतः गुलाम बाळगावेत, ही त्या समाजाची शोकांतिका होय. चरित्र सांगताना ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

हा रोग कोणता, यावर वैद्यकीय जगतात बरीच चर्चा झाली. महारोग, उपदंश, रक्तवाहिन्यांचा विकार, पॉर्फिरिया अशी अनेक निदाने सुचविली गेली. महारोगाविरुद्ध एक बळकट मुद्दा असा की, त्या काळी महारोग्यांना समाजाबाहेर काढले जाई. असा रोगी चर्चमध्ये राजरोस काम करू शकला नसता आणि भ्रातृसंघात मानाने वावरूही शकला नसता. १९९८ साली संशोधनासाठी ही कबर उघडण्यात आली आणि अस्थींची तपासणी झाली. त्यातूनही सर्वमान्य असा निष्कर्ष निघाला नाही.

अलीकडच्या काही अभ्यासकांनी तर ब्रेतास यांच्या चरित्रातील पुष्कळसा भाग कल्पित असल्याचे म्हटले आहे. रोगी, कुरूप आणि प्रतिभावान कलावंत ही एकोणिसाव्या शतकातील साहित्याची आवडती प्रतिमा होती, हे खरेच. परंतु कामाच्या मोबदल्याच्या पावत्या आणि भ्रातृसंघांच्या वह्यांतील नोंदी आजही उपलब्ध आहेत. त्यांवरून एवढे निश्चित होते की, अंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ नावाचा कारागीर होता, त्याला मोठमोठी कामे मिळत होती आणि उतारवयातही तो काम करीत होता. आमच्या मते, दंतकथेचा काही भाग वजा केला तरी शिल्लक राहणारा माणूस लहान होत नाही.

काँगोन्यास येथील मूर्ती

उतारवयातील या कामांपैकी सर्वांत मोठे काम ओउरो प्रेतोत नसून काँगोन्यास या गावी आहे. फेलिसियानो मेंडिस नावाच्या एका पोर्तुगीज खाणकामगाराने दुखण्यातून बरे झाल्यावर १७५७ साली नवस फेडण्यासाठी तेथे बॉम जेझुस या नावाने तीर्थस्थान सुरू केले. गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकेमुळे हे नाव आपल्या चांगलेच परिचयाचे आहे. १७९६ ते १७९९ या काळात अलेझादिन्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे प्रभू येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांसाठी साठहून अधिक पूर्णाकृती लाकडी मूर्ती घडविल्या. शेवटचे भोजन, गेथशेमनी बागेतील प्रार्थना, अटक, फटक्यांचा मार व काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणे आणि क्रूसावर खिळणे असे हे प्रसंग टेकडीवर चढत जाणाऱ्या सहा लहान कपेलांमध्ये मांडलेले आहेत. उपवासकाळात क्रूसाची वाट करणाऱ्या आपल्या भाविकांना ही रचना पाहताक्षणी उमगेल.

मूर्तींसाठी वापरलेले लाकूड तेथे 'सेद्रो' म्हणून ओळखले जाते. ते आपल्या तून वृक्षाच्या कुळातील आहे. मऊ, सुवासिक आणि कोरण्यास सोपे असे हे लाकूड असल्याने मूर्तिकारांना ते फार प्रिय. मूर्तींचे रंगकाम नंतर अताइदे व इतरांनी केले. सर्वच मूर्ती गुरूच्या हातच्या नाहीत हे त्या पाहताच कळते. काही शिपाई बेढब व सोंगट्यांसारखे दिसतात आणि ते शिष्यांचे काम असावे. प्रभू येशूची मूर्ती मात्र प्रत्येक कपेलात वेगळीच उठून दिसते. क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचा अर्धवट उघडा ओठ आणि थकलेले डोळे पाहिले की हे कोणी कोरले असेल, असा प्रश्न उरत नाही.

त्यानंतर १८०० ते १८०५ या काळात चर्चसमोरील पायऱ्यांवर व कठड्यांवर जुन्या करारातील बारा संदेष्ट्यांचे पुतळे त्यांनी शंखजिऱ्याच्या दगडात उभे केले. यशया, यिर्मया, यहेज्केल, दानिएल यांच्यासोबत तेथे बारूखही आहे. हा ग्रंथ कॅथोलिक बायबलमध्ये समाविष्ट असल्याचे वाचकांना ठाऊक आहेच. प्रत्येक संदेष्ट्याच्या हाती लॅटिन वचन कोरलेली गुंडाळी आहे. जवळून पाहिल्यास काही पुतळ्यांचे अवयव प्रमाणबद्ध वाटत नाहीत. पायथ्यापासून वर पाहताना मात्र बाराही जण एकमेकांशी बोलत असल्याचा भास होतो.

गोव्यावर पुस्तक लिहिणारा इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन १८६७ साली येथे आला होता. त्याला हे काम मुळीच आवडले नाही. युरोपातील मापाने मोजणाऱ्यांना ते ओबडधोबड वाटे आणि ब्राझीलमधील सुशिक्षितही पुष्कळ काळ त्यांचीच री ओढीत राहिले. हे मत बदलण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२४ च्या पवित्र सप्ताहात साओ पाउलोच्या काही तरुण लेखक-कलावंतांनी मिनास जेराइसचा प्रवास केला. त्यांपैकी मारियो दे आंद्रादे यांनी पुढे अलेझादिन्यो यांच्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला आणि या मिश्रवंशीय कारागिराला ब्राझीलच्या स्वतंत्र कलेचा आद्य पुरुष म्हटले. १९६३ साली फ्रेंच कलाइतिहासकार जर्मेन बाझँ यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपनेही मान तुकविली. युनेस्कोने १९८० साली ओउरो प्रेतो शहराचा व १९८५ साली काँगोन्यास येथील तीर्थस्थानाचा जागतिक वारशात समावेश केला.

अखेरची वर्षे

ज्या माणसाने प्रभूच्या दुःखसहनाच्या एवढ्या मूर्ती घडविल्या, त्याच्या स्वतःच्या अखेरच्या दिवसांची हकीकत ब्रेतास यांनी जोआनाकडून ऐकली. एका शिष्याने घेतलेल्या कामावर देखरेख करण्यासाठी ते कार्मेल मातेच्या चर्चजवळ राहावयास गेले होते, पण ठरलेला मोबदला त्यांच्या हाती पूर्णपणे पडला नाही. दृष्टी अधू झाली. शेवटी ते सुनेच्या घरी आले. जोआना सुईणीचे काम करी. तिने त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. जवळजवळ दोन वर्षे ते फळ्यांच्या साध्या बिछान्यावर पडून होते आणि शरीराची एक बाजू व्रणांनी भरून गेली होती. समोर क्रूसित प्रभूची एक प्रतिमा असे. तिच्याकडे पाहून ते वारंवार विनवीत की, प्रभूने आपले पवित्र चरण माझ्या अंगावर ठेवावेत. ही आठवण सुनेने चाळीस वर्षे जपून ठेवली आणि म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली. चरित्रातील बाकी कोणत्याही भागाविषयी शंका घेतली तरी ही आठवण रचलेली असावी असे आम्हास वाटत नाही.

त्यांचा मुलगा, ज्याचे नाव आजोबांवरून मानुएल फ्रान्सिस्को ठेवले होते, त्याच्याविषयी फारसे काही सांगितले जात नाही. कबरीपर्यंत सोबत केली ती सुनेने व भ्रातृसंघाने.

आजची स्थिती

१९६८ साली या धर्मग्रामाने अलेझादिन्यो यांच्या नावाने एक संग्रहालय सुरू केले. त्यात त्यांच्या काही मूर्तींबरोबर जुन्या धार्मिक वस्तू, वस्त्रे व कागदपत्रे जतन केलेली आहेत. त्यांचे निश्चितपणे खरे म्हणता येईल असे चित्र उपलब्ध नाही. पुस्तकांतून छापले जाणारे लहानसे व्यक्तिचित्र नंतरच्या काळात त्यांचे म्हणून मान्य करण्यात आले. २०१४ साली त्यांच्या मृत्यूची द्विशताब्दी झाली.

कबरीचे दर्शन घेऊ इच्छिणाऱ्यांनी असिसीकर संत फ्रान्सिसचे चर्चही त्याच दिवशी पाहावे. दोन्ही चर्चेस अंतोनियो दियास धर्मग्रामाच्याच हद्दीत असून त्यांच्यामधले अंतर पायी काही मिनिटांचे आहे. रस्ता दगडी फरसबंदीचा व चढणीचा आहे. वृद्ध आणि गुडघेदुखीचा त्रास असणाऱ्यांनी सावकाश चढावे.